आपल्याच रक्ताचं औषध

हिंगोली जिल्ह्यात जखमेवरचं पहिलं औषध घराच्या फडताळातच असतं. विळीवर बोट कापलं, खुरपं लागलं, की हळदीची चिमूट दाबून धरायची, वर चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचं. इथल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या या घरगुती उपायावरून एकदा थेट अमेरिकेत वाद झाला होता. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या नावे जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मंजूर झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले, यात नवं काहीच नाही हे दाखवून दिलं, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

हळदीतल्या कुरकुमिनवर अजूनही प्रयोगशाळांत काम चालू आहे. पण चिमूटभर हळद दाबलेलं बोट आठवड्याभरात भरून येतं, तेव्हा त्यातली बहुतेक मेहनत रक्ताने केलेली असते. ती मेहनत कशी होते आणि ती अडली तर डॉक्टर रुग्णाचंच थोडं रक्त काढून, त्यातला नेमका भाग वेगळा करून, तो जखमेवर परत कसा ठेवतात, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी जखमा कोणत्या ते पाहू. सोयाबीनच्या सुगीत हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, हात जातो आणि मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सोलून निघते. फेब्रुवारीपासून हळद शिजवायला सुरुवात होते, तेव्हा कढईतलं उकळतं पाणी किंवा कुकरची वाफ अंगावर येते. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस चावते. जीव वाचतो, पण पायावरचं मांस काळं पडून गळून जातं. चुलीपुढे पदर पेटतो. मधुमेह झालेल्या माणसाच्या तळव्याला काटा रुततो, त्याला तो कळतही नाही, आणि दोन महिन्यांनी तिथे रुपयाएवढा खड्डा पडलेला असतो. या सगळ्या जखमांत कातडी मुळात शिल्लकच नसते. टाके घालून कडा जुळवाव्यात तर जुळवायला काही नाही. अशा जागी दुसरीकडची कातडी आणून बसवणं हे प्लास्टिक सर्जनचं काम. सिनेनटांची नाकं आणि सुरकुत्या यांमुळे या शाखेचं नाव झालं असलं, तरी सरकारी रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जनचा दिवस बहुतेक अशाच जखमांत जातो.

आता रक्ताकडे येऊ. डेंग्यूच्या साथींमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द मराठवाड्याच्या खेड्याखेड्यात पोचला आहे. तापाच्या रुग्णाचे नातेवाईक रोज रिपोर्ट हातात घेऊन ‘पेशी किती झाल्या?’ असं विचारतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबाच्या अगदी छोट्याशा अंशात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. त्यांना केंद्रक नसतं. अस्थिमज्जेतल्या प्रचंड आकाराच्या पेशींचे त्या तुटून निघालेले तुकडे. आयुष्य आठवडाभर, फार तर दहा दिवस. इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये रक्तस्राव थांबवण्यातलं त्यांचं काम सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं. रक्तवाहिनी फाटली की प्लेटलेट तिथे चिकटतात, एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात. पुढची जवळपास नव्वद वर्षं त्यांचं काम एवढंच, असं समजलं जात होतं.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलला रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माकडाच्या धमनीतल्या स्नायुपेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या. एका बशीत गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी, म्हणजे सीरम घातलं. दुसऱ्या बशीत प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या प्लाझ्मापासून, म्हणजे न गोठलेल्या रक्ताच्या द्रव भागापासून, केलेलं सीरम घातलं. पहिल्या बशीत पेशी भराभर वाढल्या. दुसऱ्या बशीत त्या जिवंत राहिल्या, वाढल्या मात्र नाहीत. दुसऱ्या सीरममध्ये प्लेटलेटचा अर्क मिसळला तेव्हा तिथेही वाढ सुरू झाली. रक्त गोठताना प्लेटलेटमधून असं काहीतरी बाहेर पडतं, जे पेशींना वाढायचा हुकूम देतं, हे या प्रयोगाने दाखवलं. त्या द्रव्याला पुढे पीडीजीएफ हे नाव मिळालं. मग तशी आणखी द्रव्यं सापडत गेली. कुणी नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं, कुणी कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींना बोलावतं, कुणी वरच्या कातडीच्या पेशींना कडेकडून सरकायला लावतं. प्लेटलेटच्या आत सूक्ष्म कणांमध्ये ही द्रव्यं तयार साठवलेली असतात. प्लेटलेट जागी झाली की पहिल्या तासाभरातच त्यातला बहुतेक साठा बाहेर येतो.

हा शोध मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने एक जुनी गोष्ट नव्याने समजते. रक्ताची गुठळी म्हणजे नुसतं बूच नाही. जखम भरण्याचं पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यातच भरलेलं असतं. पहिले काही दिवस सूज, लाली, पांढऱ्या पेशींची साफसफाई. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन-तीन आठवडे लालचुटूक, दाणेदार मांस भरत जातं. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, व्रण आतून घट्ट होत राहतो. एवढं करूनही भरलेल्या जागेची ताकद मूळ कातडीच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही.

मधुमेही पायाच्या जखमेत हे वेळापत्रक पहिल्याच पानावर अडकतं. रक्त कमी पोचतं, नसा बधिर, जंतूंचा मुक्काम कायम. सूज ओसरत नाही आणि सुजेतल्या पेशी जी विकरं सोडतात ती वाढीची द्रव्यंच तोडून टाकतात. डॉक्टर रोज ड्रेसिंग करतात, जखम महिन्यानुमहिने तशीच. अशा ठिकाणी बाहेरून प्लेटलेटचा ताजा साठा आणून ठेवला तर? १९८६ मध्ये डेव्हिड नाइटन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात ४९ रुग्णांच्या जखमांवर त्यांच्याच प्लेटलेटमधून काढलेला अर्क लावल्याचं प्रसिद्ध केलं. त्या जखमा सरासरी १९८ आठवडे, म्हणजे पावणेचार वर्षं, नेहमीच्या उपचारांना दाद देत नव्हत्या. अर्क सुरू केल्यावर त्या सरासरी १०.६ आठवड्यांत भरल्या. तुलनेसाठी अर्क न लावलेला दुसरा गट मात्र त्या अभ्यासात नव्हता. बारा वर्षांनी, १९९८ मध्ये, मायामीचे रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या रोपणात प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा मिसळला. ८८ रुग्णांपैकी निम्म्यांत तो वापरला आणि त्यांचं हाड लवकर पक्व झालेलं दिसलं. तिथून प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, हे नाव दंतवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांच्या तोंडी बसलं.

प्लास्टिक सर्जरीत रक्ताचं महत्त्व किती, हे दाखवणारी एक घटना मात्र या सगळ्याच्या दोनशे वर्षं आधी आपल्या पुण्याजवळ घडली आहे. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाव इंग्रजांनी ‘कावसजी’ असं नोंदवलं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापून टाकण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातले थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ही शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात चित्रासह हा वृत्तान्त छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी या धाग्यातून पुढे वाढली.

त्या वृत्तान्तातले बारकावे आजही शिकण्यासारखे आहेत. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तो पत्रा कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेने रेघ आखली. त्या आकाराची कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. कातडी उलटी फिरवून नाकाच्या जागी बसवली आणि पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या सांध्यावर एकावर एक दाबल्या. चार दिवस त्याला हात लावला नाही. मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. ती चिंचोळी पट्टी कापली ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. तोवर नव्या नाकाला रक्तपुरवठा तिच्यातूनच होत होता, हे त्या वृत्तान्तात स्पष्ट लिहिलेलं आहे. रक्त तोडलं तर नाक मरेल, हे त्या वीटवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, ही खंत मात्र राहते.

कावसजीची कातडी आपलं रक्त बरोबर घेऊन आली. हडंब्यात सोललेल्या हातावर मांडीची कातडी लावतात तेव्हा तसं होत नाही. मांडीवरून कागदासारखा पातळ थर तासून काढतात, यालाच स्किन ग्राफ्ट म्हणतात, आणि तो पूर्णपणे तुटलेला असतो. त्याला रक्तवाहिनी नाही. मग तो जगतो कसा? पहिले एक-दोन दिवस तो जखमेच्या तळातून पाझरणारा प्लाझ्मा पिऊन राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाच्या केशवाहिन्या आणि ग्राफ्टमधल्या जुन्या केशवाहिन्या यांची तोंडं जुळू लागतात. चौथ्या दिवसापासून आठवड्याच्या आत नव्या वाहिन्या आत शिरतात आणि पांढरा पडलेला तुकडा गुलाबी होतो. या दिवसांत तुकडा हलला, त्याच्याखाली रक्त साठलं किंवा पू झाला, की तो गेला. म्हणून ग्राफ्टला पिना मारतात, वर कापसाचा गठ्ठा बांधतात, हाताला फळी लावतात.

रुग्णाचाच प्लाझ्मा गोंद म्हणून वापरावा, ही कल्पना या गरजेतून आली आणि ती पीआरपीपेक्षा बरीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, अमेरिकेत सानो यांनी रुग्णाच्या प्लाझ्माने ग्राफ्ट चिकटवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी टिड्रिक आणि वॉर्नर यांनी फायब्रिनने ग्राफ्ट बसवल्याचं लिहिलं. फायब्रिन म्हणजे प्लाझ्मा गोठताना त्यात तयार होणारे धागे. आजचा सर्जन ग्राफ्टखाली पीआरपी फवारतो तेव्हा दोन्ही कामं एकदम होतात. धागे तुकडा चिकटवून धरतात आणि प्लेटलेट वाढीची द्रव्यं सोडतात. शेजारच्या कर्नाटकातल्या प्लास्टिक सर्जननी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा ग्राफ्ट ठेवताक्षणी चिकटला आणि पिना-टाक्यांची गरज कमी पडली.

पीआरपी करायला लागतं काय? रुग्णाच्या हातातून वीस-तीस मिलिलिटर रक्त, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. ते गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट असतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये गरगर फिरणाऱ्या त्या यंत्रात, हळू फिरवायची. लाल पेशी जड, त्या तळाला बसतात. वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये पांढरट पातळ पट्टी. वरचा भाग आणि ती पट्टी दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा, या वेळी जोरात, फिरवायची. आता प्लेटलेट तळाला येतात. वरचा बराचसा प्लाझ्मा काढून टाकला की उरलेल्या दोन-तीन मिलिलिटरमध्ये प्लेटलेटची दाटी मूळ रक्ताच्या तिप्पट ते पाचपट होते. मार्क्स यांनी सुचवलेलं माप मायक्रोलिटरमागे सुमारे दहा लाख प्लेटलेटचं आहे. वापरायच्या वेळी त्यात कॅल्शियम मिसळतात. मग तो द्रव काही मिनिटांत जेलीसारखा गोठतो आणि जखमेवर थर होऊन बसतो. काही वेळा तो जखमेच्या कडांना सुईने टोचतात.

याहून सोपी रीत फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये मांडली. नळीत काहीच घालायचं नाही. रक्त काढलं की मिनिटा-दोन मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवायचं आणि दहा-बारा मिनिटं फिरवायचं. फिरतानाच रक्त गोठू लागतं आणि नळीच्या मधोमध प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेला फायब्रिनचा घट्ट गोळा तयार होतो. तो चिमट्याने काढून दोन गॉजमध्ये दाबला की पापुद्रा मिळतो, तो सरळ जखमेवर पसरायचा. याला प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे पीआरएफ, म्हणतात. त्यातली द्रव्यं तासाभरात न संपता आठवडाभर थोडी थोडी सुटत राहतात. तालुक्याच्या ठिकाणी करण्याजोगी पद्धत कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. महागडं किट नको, रसायन नको, साठवण नको. रक्तपेढीतल्या प्लेटलेट बावीस अंशांच्या आसपास, सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात. इथे काढलं, फिरवलं, लावलं. फक्त हात चटपटीत हवा, नळ्या निर्जंतुक हव्यात, आणि मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोली गार हवी.

समजा, कळमनुरी तालुक्यातला पंचावन्न वर्षांचा एक शेतकरी तळव्याच्या जखमेसाठी आला आहे. मुलगा सांगतो, “डॉक्टर, तीन महिने झाले, जखम भरायचं नावच घेईना.” डॉक्टर सेंट्रिफ्यूजकडे वळण्याआधी कितीतरी गोष्टी करतील. पावलाची नाडी लागते का पाहतील. लागत नसेल तर आधी रक्तवाहिनीचा इलाज. साखर मोजतील. हाडापर्यंत पू गेला आहे का, यासाठी एक्स-रे काढतील. मेलेलं काळं-पिवळं मांस कापून काढतील. त्या पायावर भार पडू नये म्हणून प्लास्टर किंवा वेगळी चप्पल देतील. पेरणीआधी वावराची जशी मशागत, तशी ही जखमेची मशागत. ती न करता टाकलेलं पीआरपी वाया जातं. ती केल्यावर, जखम लाल आणि स्वच्छ झाल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा पीआरपी किंवा पीआरएफ ठेवता येतं. खड्डा भरून वर आला की मोठ्या जखमेवर ग्राफ्ट लावून काम पूर्ण करतात.

काही रुग्णांना हे चालत नाही. ज्यांच्या प्लेटलेट मुळातच कमी आहेत, रक्तात जंतुसंसर्ग पसरला आहे, किंवा जखमेच्या जागी कर्करोगाची शंका आहे, त्यांना नाही. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. घोणस किंवा फुरसं चावलेल्यांची गोष्ट वेगळीच. या सापांचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतं. म्हणून अशा रुग्णाचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर प्रतिविष द्यायलाच हवं. त्याचं रक्त पुन्हा नीट गोठू लागेपर्यंत त्यापासून जखमेचं औषध करण्याचा प्रश्नच येत नाही. विष उतरल्यावर, गळालेलं मांस साफ झाल्यावर, पायावर ग्राफ्ट लावताना मात्र तेच रक्त उपयोगी पडू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. याचा खरंच उपयोग होतो का? २०१६ मध्ये कॉक्रेन या जगन्मान्य संस्थेने जुनाट जखमांवरच्या पीआरपीच्या दहा चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत मिळून ४४२ रुग्ण होते. मधुमेही पायाच्या जखमा भरायला पीआरपीने मदत होऊ शकते, पण पुरावा कमकुवत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पायाच्या नीला फुगून होणाऱ्या जखमा किंवा इतर जुनाट जखमा यांबद्दल तेवढंही म्हणता आलं नाही. चाचण्या छोट्या होत्या आणि प्रत्येकीत पीआरपी करण्याची रीत वेगळी होती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने जुनाट मधुमेही जखमांवर २० आठवड्यांपर्यंत पीआरपीचा खर्च द्यायचं ठरवलं. बाकी जखमांबाबत तसा सरसकट निर्णय झाला नाही. माझ्या मते यातून घ्यायचा अर्थ सरळ आहे. मधुमेही पाय आणि ग्राफ्ट चिकटवणं, या दोन ठिकाणी पीआरपीला जागा आहे. इतर ठिकाणी ते आशेवर चाललेलं आहे.

आशेवर चालण्याचा धडा महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. कोविडच्या साथीत बऱ्या झालेल्या माणसांचा प्लाझ्मा आजाऱ्यांना देण्याची लाट आली. तो दुसऱ्याचा प्लाझ्मा, शिरेतून दिलेला. जखमेवरच्या पीआरपीशी त्याचा संबंध नाही. पण २९ जून २०२० रोजी राज्य सरकारने ‘प्लाटिना’ नावाने मोठा प्रकल्प सुरू केला आणि प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्र रात्र फोन करत राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर नीट चाचणी घेतली, तेव्हा त्याने मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं. मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय सूचनांतून काढून टाकला गेला. पीआरपीही याच कसोटीवर घासून घ्यायला हवं, आणि ते काम आपल्याकडच्या जखमांवर, आपल्याकडच्याच रुग्णालयांत व्हायला हवं.

महाराष्ट्राच्या सर्जननी असं काम यापूर्वी केलेलं आहे. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांचे वाकडे हात, बसलेली नाकं सुधारण्यात आयुष्याचा मोठा भाग घातला. पुढे रायगड जिल्ह्यातल्या मांडव्यात गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं आणि १९८५ मध्ये त्याचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात छापला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० मध्ये त्वचापेढी सुरू केली. ग्राफ्टसाठी कातडी तासलेल्या मांडीवर केळीचं पान बांधलं तर ड्रेसिंग चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही, हे त्यांनी मोजून, तुलना करून दाखवलं. बटाट्याची साल आणि केळीचं पान यांच्याबद्दल मला नितांत आदर वाटतो, कारण ते गरीब रुग्णाच्या वेदनेतून सुचलेले आणि चाचणीवर उतरलेले उपाय आहेत. रुग्णाचं स्वतःचं रक्त त्याच रांगेत बसतं. ते विकत घ्यावं लागत नाही, त्यासाठी दाता शोधावा लागत नाही, आणि नळ्यांची अदलाबदल झाली नाही तर दुसऱ्याचा रोग त्यातून येत नाही.

नळ्या-सुयांची अदलाबदल झाली किंवा त्या पुन्हा वापरल्या तर काय होतं, तेही सांगायला हवं. शहरांतून आता जिल्ह्याच्या ठिकाणीही केस उगवण्यासाठी, चेहरा उजळण्यासाठी पीआरपीच्या जाहिराती दिसतात. केस विरळ होण्याच्या काही प्रकारांत त्याचा थोडा उपयोग होतो असे अभ्यास आहेत. पण अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी टोचून घेतलेल्या बायकांना तिथूनच एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्या स्पाकडे परवाना नव्हता. एकदाच वापरायची साधनं तिथे पुन्हा वापरली जात होती आणि नावं न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या अन्नाशेजारी ठेवलेल्या होत्या. रक्त काढण्याचं आणि परत टोचण्याचं काम पार्लरमध्ये कधीही होता कामा नये.

आता पुन्हा हिंगोलीकडे येऊ. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तरी इथल्या मोठ्या जखमेच्या रुग्णाला आजवर नांदेडच्या विष्णुपुरीतलं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठावं लागत आलं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचंही आहे. या महाविद्यालयाने जखमांचा एक साधा बाह्यरुग्ण विभाग चालवावा असं मला मनापासून वाटतं. आठवड्यातून दोन दिवस, एक सर्जन, पायाची तपासणी शिकलेली एक परिचारिका, एक सेंट्रिफ्यूज, आणि प्रत्येक जखमेचं माप लिहिलेली वही. हडंब्याच्या, हळदीच्या कढईच्या आणि मधुमेहाच्या जखमांवर पीआरएफने किती फरक पडतो, याचं उत्तर त्या वहीतून मिळेल. असं उत्तर अमेरिकेतल्या चाचणीतून मिळणार नाही, कारण तिथे हडंबा नाही आणि अनवाणी चालणारा पाय नाही. भाजणं आणि प्लास्टिक सर्जरी यांवरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत, त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च हे घरी थांबण्याचं कारण राहू नये.

वाचकांना एक विनंती. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात पाहा. खोल जखमेत, भाजलेल्या जागी किंवा साप चावलेल्या ठिकाणी हळद, शेण, टूथपेस्ट काहीही भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, धुतलेलं कापड बांधा आणि रुग्णालय गाठा. साप चावला असेल तर धुण्यातही वेळ घालवू नका, पाय हलू न देता लगेच निघा. उपचार चालू असलेल्या पायाच्या जखमेचं माप दर आठवड्याला लिहून ठेवा. चार आठवड्यांत ती निम्मी झाली नसेल, तर तेच ड्रेसिंग पुढे चालवू नका. रुग्णाला घेऊन मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना विचारा की रक्तपुरवठा तपासला का, हाड तपासलं का, आणि पीआरपी किंवा ग्राफ्टचा उपयोग होईल का. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते वेळेवर विचारलं तर पाय वाचू शकतो.